तिच्या अंगाला थंडी लागत नाही

माझ्या बायकोच्या हातांवर थंडीत काहीही उठत नाही. डिसेंबरातल्या पहाटे अमरावतीच्या छत्री तलावाच्या रस्त्यावर तोंडातून वाफ निघत असते, आणि ती अर्ध्या बाहीचा टी-शर्ट घालून तासभर पळते. घरी येते तेव्हा तिचे हात जसेच्या तसे असतात. गुळगुळीत, जरासे गार, मनगटावर बांगडीची एक फिकट खूण. हे मी कौतुक म्हणून लिहीत नाही. मला त्याचा राग येतो. पन्नाशी ओलांडलेल्या, कोर्टात ज्याला लोक उठून नमस्कार करतात अशा माणसानं बायकोच्या कातडीचा हेवा करावा हे शोभत नाही, हे मलाही कळतं. पण शोभत नाही म्हणून कोणाचा हेवा थांबल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

मुळात त्या रस्त्यावर तिला मी नेलं. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण आता तिकडे कोणाला ते आठवत नाही.

झालं असं, की डॉक्टरांनी माझी साखर काठावर आहे म्हणून सांगितलं आणि रोज चालायला लावलं. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेलेली, घरात आम्ही दोघंच. एकट्यानं हात हलवत चालायची मला लाज वाटायची, म्हणून मी बायकोला उठवलं. ती दुपारच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे सकाळ तिला मोकळी. मोकळी म्हणजे स्वयंपाक, धुणं आणि पेपर तपासणं एवढं सोडून मोकळी. सुरुवातीला ती कुरकुरली. मग कॅनव्हासचे बूट आले, मग पंजाबी ड्रेसवर माझा जुना स्वेटर चढला, आणि आमची जोडी पहाटेच्या अंधारात तलावाच्या रस्त्याला लागली.

त्या रस्त्यावर मी बोलायचो आणि ती ऐकायची. वकील रोज बोलतो ते कोणी ऐकत नाही, हे वकिलालाच माहीत असतं. न्यायाधीश कागद चाळत असतात, समोरचा वकील आपल्या पाळीची वाट पाहत असतो आणि पक्षकाराला फक्त तारीख हवी असते. घरी बोलावं तर मिक्सर सुरू असतो, नाहीतर शाळेतून फोन येतो. दिवसातला तो एकच तास असा होता की मी बोलतो आणि एक माणूस ते शेवटपर्यंत ऐकतं. साखर राहिली बाजूला, मी त्या तासासाठी उठायला लागलो.

तिचा आवडता खटला धुऱ्याचा. अचलपूरकडचे दोन चुलतभाऊ, त्यांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, आणि त्या धुऱ्यावरचं चिंचेचं एक झाड. झाड माझं की तुझं, यावर दोघं कित्येक वर्षं भांडत होते. त्यातला थोरला माझा पक्षकार. प्रत्येक तारखेनंतर दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिला सगळं सांगायचो, मोजणी अधिकारी कसा गडबडला, धाकट्यानं साक्षीत काय थाप मारली. ती माझ्यापेक्षा अर्धं पाऊल मागे चालायची आणि मधेच एखादा प्रश्न टाकायची. एकदा तिनं विचारलं, "पण सध्या त्या चिंचा कोन खाऊन राहिलं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न न्यायालयानं विचारला नव्हता, मीही विचारला नव्हता. मी पक्षकाराला विचारलं. तो म्हणाला, वांदरं. हे तिला सांगितलं तेव्हा ती रस्त्यात थांबून हसली, आणि मला दिवसभर कोर्टात काही बोचलं नाही.

मग गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला तो ग्रुप आला.

सात-आठ माणसं होती. एक औषधाचा दुकानदार, दोन शिक्षिका, एक बँकेतली बाई, आणि त्यांचा म्होरक्या म्हणजे एक निवृत्त क्रीडाशिक्षक. त्यांना सगळे सर म्हणतात. वयानं माझ्यापेक्षा मोठे, अंगात बनियन आणि हाफपँट, डोक्यावर एकही केस काळा नाही, पण पळताना पाय असे पडतात की आवाज येत नाही. हे सर एके दिवशी आमच्या शेजारून जाताना थांबले, बायकोच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, तुमी चालून काहून राहिल्या? तुमचे पाय पळायचे हायत." इतक्या वर्षांच्या संसारात मी तिच्या पायांबद्दल असं काही बोललो नव्हतो. मला सुचलंच नव्हतं. ती लाजली, मी हसलो, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्या ग्रुपमध्ये होतो.

सरांचा पहिला हुकूम, स्वेटर काढा. पळायचं तर अंग मोकळं पाहिजे, पाच मिनिटांत गरमी येते, असं ते म्हणाले. दोघांनी स्वेटर काढले. चार दिवस बरे गेले. मग एका रात्रीत थंडी पडली. मेळघाटाकडून वारं सुटलं की आमच्याकडे असं होतं, संध्याकाळी पंखा असतो आणि पहाटे दात वाजतात. त्या पहाटे मी दम लागेपर्यंत पळालो. हात बधिर झाले होते, मांड्या गार पडल्या होत्या, पण छाती फुगली होती. घरी आलो, स्वयंपाकघरात शेगडीजवळ उभा राहिलो आणि खाज सुटली.

आधी मनगटाच्या वर, मग कोपरापर्यंत, मग मांड्यांवर. बघता बघता गांधी उठल्या. लाल, जाड, कडेनं पांढऱ्या. गालावरही एक उठली, कानाची पाळी फुगली. मी खाजवत होतो आणि बायको बघत होती. तिचे हात तसेच गुळगुळीत. तीच थंडी, तेच वारं, तेवढंच पळणं.

आता इथे आमच्या मुलखाचं एक सांगायला हवं. वऱ्हाडात माणसाला जे काही होतं ते उष्णतेनं होतं. तोंड आलं, उष्णता. डोळे लाल झाले, उष्णता. मूल रडतं, माणूस चिडतो, केस गळतात, सगळं उष्णता. दर उन्हाळ्यात आमच्या गावांची नावं टीव्हीवर येतात आणि मनातून आम्हाला त्याचा अभिमान असतो. जिथं उन्हाशी जन्माचं वैर आहे तिथं थंडी कोणाला काही करू शकते यावर कोणाचा विश्वास बसत नाही. थंडी म्हणजे आमच्यासाठी पाहुणी. तिच्यावर आळ घ्यायचा कसा?

तेव्हा माझ्या गांधींनाही उष्णताच ठरवलं गेलं. कोर्टात वकिलांच्या बाररूममध्ये मी बाही वर केली तर तिथल्या तिथे निकाल लागला, एकमतानं, जे तिथे कधी होत नाही. पळून पळून अंगात गरमी साठली, असं ठरलं. एकानं गुलकंद सांगितला, एकानं सब्जा, तिसऱ्यानं धण्याचं पाणी रात्रभर अंगणात ठेवून सकाळी गारेगार प्यायला सांगितलं. शेजारच्या काकूंनी गेरू आणून दिला, तो मी अंगाला फासला. आणि मी, चार बुकं शिकलेला माणूस, हे सगळं करत होतो, कारण माझाही विश्वास तोच होता. पहाटे अंगणातलं गार धण्याचं पाणी पिऊन पळायला जायचं आणि घरी येऊन खाजवत बसायचं. एका सकाळी त्या पाण्यानं वरचा ओठ सुजला. कोर्टात मी तोंडावर रुमाल धरून युक्तिवाद केला. समोरच्या वकिलाला वाटलं मी हसतो आहे, आणि त्यानं तशी तक्रारही केली.

शेवटी सगळ्यांनी मला पळणं बंद करायला सांगितलं. त्या दिवशी रात्री बायको धुवायला काढलेल्या बुटांच्या नाड्या सोडत म्हणाली, मग मीपण नाही जात. तिनं ते मनापासून म्हटलं होतं. मी मोठेपणानं म्हणालो, नाही नाही, तू जा. माझ्यामुळे तू काहून थांबते? तिनं दोनदा विचारलं. मी दोनदा जा म्हणालो. ती गेली.

पहिल्या सकाळी फाटकाची कडी वाजली तेव्हाच मला कळलं की मी काय करून बसलो. पण साक्ष एकदा नोंदली गेली की फिरवता येत नाही.

मी पांघरुणात पडून राहायचो आणि मनानं तिच्याबरोबर रस्ता चालायचो. आता नाका आला असेल. आता चढ. आता तलावाचा कठडा, तिथे सगळे वाकून पाय ताणतात. आता सर काहीतरी म्हणाले असतील आणि ती हसली असेल. ती रस्त्यावर काय बोलत असेल, हा प्रश्न मला छळायचा. माझ्याबरोबर ती फारशी बोलायची नाही. माझं ऐकायचं म्हटल्यावर तिला बोलायला जागा कुठे होती?

ती घरी यायची ती गार वारं घेऊन. गाल लाल, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी की मला विचारल्याशिवाय राहवायचं नाही. मी उलटतपासणी घ्यायचो. किती पळाली? कोण कोण होतं? सर काय म्हणाले? एवढा उशीर काहून झाला? ती सरळ उत्तरं द्यायची आणि त्यानं मी जास्तच चिडायचो. खोटं बोलणाऱ्या साक्षीदाराला कोंडीत पकडता येतं. खरं बोलणाऱ्याचं काय करायचं? सर म्हणाले की माझा दम वाढला, असं ती सांगायची, आणि पोळ्या लाटायला लागायची.

एकदा तिनं पिशवीतून संत्री काढली. ग्रुपमधल्या कोणाचं तरी शेंदूरजनाघाटला शेत आहे, तिथून पेटी आली होती. दोन तुमच्यासाठी दिली सरांनी, म्हणाली. मी म्हटलं, मला आंबट चालत नाही, पित्त उठतं. तिनं संत्री टोपलीत ठेवली. ती शाळेत गेल्यावर मी दोन्ही खाल्ली. गोड होती. ती गोड निघावी याचाही मला राग आला.

डिसेंबराच्या शेवटी ते सगळे मेळघाटात सेमाडोहला गेले. रात्रीचा मुक्काम, पहाटे जंगलात फिरणं. मलाही बोलावलं होतं, पण तिथली थंडी आणि माझं अंग, मी नको म्हणालो. तिनं मला फोनवर एक फोटो पाठवला. विश्रामगृहाच्या आवारात सगळे ओळीनं उभे राहून व्यायाम करताहेत, सगळ्यांनी टोप्या घातल्या आहेत, शाली गुंडाळल्या आहेत. दोनच माणसं उघड्या हातांची. एक सर आणि एक ती. मी तो फोटो बोटांनी मोठा केला आणि तिचे हात पाहिले. एखादी गांध, एखादा लाल ठिपका, निदान काटा? काही नव्हतं. खरं सांगायचं तर त्या वेळी मला मनापासून वाटलं, की तिलाही उठावी. एकदाच. फार नको, मनगटावर एक. म्हणजे तीही घरी बसेल आणि पुन्हा आम्ही दोघं एका बाजूला होऊ.

तेवढ्यात धुऱ्याचा खटला संपला.

संपला तोही असा, की मला कोणालातरी सांगितल्याशिवाय चैन पडू नये. एका संध्याकाळी माझ्या ऑफिसखाली मोटरसायकल थांबली. खिडकीतून पाहिलं तर गाडी चालवत होता धाकटा, आणि त्याच्या मागे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसला होता माझा पक्षकार. दोघं वर आले आणि शेजारी शेजारी बसले. उन्हाळ्यातल्या वादळात झाड अर्धं मोडलं होतं, ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. उरलेलं अर्धं कोणाच्या बाजूला आहे ते पाहायला दोघं एकाच वेळी धुऱ्यावर गेले, आणि पाहतात तर झाडावर वांदरंही नव्हती. तिथे उभ्या उभ्या दोघं बोलले, कित्येक वर्षांनी. तडजोडीचा अर्ज लिहून द्या म्हणाले. जाताना थोरल्यानं मला विचारलं, की साहेब, आता आमच्यावर राग तर नाही ना.

घरी येताना मी रस्त्यानं एकटाच हसत होतो. तिला हे सांगायचं होतं. मागे बसलेला थोरला, खांद्यावरचा हात, नसलेली वांदरं. पण घरी आलो तर मिक्सर सुरू होता. मग तिचा फोन वाजला, ग्रुपमधल्या बँकेतल्या बाईचा, आणि तिनं कान आणि खांद्यात फोन धरून चटणी वाटायला घेतली. मी खुर्चीत बसून वाट पाहिली आणि मग ठरवलं, की सांगायचं नाही. ती विचारेल तेव्हा सांगू. ती गोष्ट रस्त्याची आहे, रस्त्यावरच सांगू. तिनं विचारलं नाही. मी दिवस काढत राहिलो आणि शेवट खिशात घेऊन फिरत राहिलो.

संक्रांतीला आम्ही अकोल्याला तिच्या माहेरी गेलो. जठारपेठेत तिच्या आईचं घर आहे. माझ्या सासूबाई म्हणजे अकोल्याच्या उन्हाचा चालताबोलता अभिमान. मी बाही वर करून खाजवल्याची जुनी खूण दाखवली तशी त्या म्हणाल्या, "जावईबापू, हे उष्णताच हाय. मी अकोल्यात जन्मली. उष्णता काय असते ते मले नका सांगू." जावयाला काही कमी पडू द्यायचं नाही हा त्यांचा बाणा. पाहुणचार म्हणून त्यांनी रात्री माझ्यासाठी दही लावलं, ताकात सब्जा घातला, आणि सकाळी गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यानं अंघोळ करा म्हणून सांगितलं. गच्चीवरची टाकी, जानेवारीची पहाट. मी पाहुणा माणूस, नाही कसं म्हणू?

पहिला तांब्या अंगावर घेतला आणि दुसरा घेतला, तिसऱ्याला हात थांबला. सगळ्या अंगावर एकदमच गांधी उठल्या, पाठ, पोट, मान, जिथं पाणी लागलं तिथं. डोळे मिटायला लागले, ओठ जड झाले आणि डोक्यात गरगरलं. मी पंचा गुंडाळून कसंबसं दार उघडलं आणि भिंतीला टेकून खाली बसलो. सासूबाई अंगाला लावायला बर्फ शोधत होत्या. बायकोनं आईच्या हातातलं भांडं काढून घेतलं, माझ्याभोवती घोंगडी गुंडाळली आणि रिक्षा बोलावली. रिक्षात तिनं माझे दोन्ही हात स्वतःच्या हातात धरले होते. तिचे हात गरम होते. एवढ्या गोंधळात माझ्या मनात आलं, की सुजायला सुजलो पण आज ही पळायला गेली नाही.

दवाखान्यात आधी इंजेक्शन झालं, मग उतार पडल्यावर आम्हाला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तरुण होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकलं, गुलकंदापासून टाकीपर्यंत, आणि मधे एकदा खाली मान घालून हसू दाबलं. माझ्या अंगातलं औषध उतरायला हवं म्हणून त्यांनी काही दिवसांनी परत बोलावलं. तेव्हा एका पिशवीत बर्फाचा खडा घालून त्यांनी तो माझ्या हाताच्या आतल्या बाजूला थोडा वेळ ठेवला. काढला तेव्हा काही नव्हतं. मग आम्ही तिघं त्या जागेकडे पाहत बसलो. हळूहळू तिथे बर्फाच्या खड्याच्या आकाराची एक चौकोनी गांध उठली, कोणी शिक्का मारावा तशी.

"तुम्हाला उष्णता नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला थंडीच सोसत नाही."

त्यांनी समजावून सांगितलं. काहींच्या कातडीला गारवा म्हणजे शत्रू वाटतो, आणि अंग पुन्हा गरम व्हायला लागलं की ती गांधी उठवून मोकळी होते. पळताना उघडं अंग, वारं, गार पडत जाणारा घाम, सगळं त्यात भर घालतं. कशामुळे होतं हे बरेचदा सापडत नाही. थंडीभर रोज गोळी घ्यायची, अंग झाकायचं, गार पिणं बंद, आणि गार पाण्यात एकदम उतरणं तर कायमचं बंद, कारण त्यानं जिवावर बेतू शकतं. मी विचारलं, चालता येईल का? त्या म्हणाल्या, झाकून चाला की. कोणी नको म्हटलं? मग म्हणाल्या, की अकोल्यात उन्हानं पोळलेले पेशंट रोज येतात, थंडीचा माणूस क्वचित. त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं.

अमरावतीला परत आल्यावर मी फ्रीजमधून बर्फाचा खडा काढला आणि बायकोला म्हटलं, हात दे. ती म्हणाली, मले कायले? मी म्हटलं, बघू तर. तिनं पेपर तपासता तपासता डावा हात पुढे केला. मी खडा ठेवला, घड्याळाकडे पाहत धरून बसलो. काढला. एक ओला लाल डाग, आणि तोही बघता बघता विरला. ती तिरक्या नजरेनं माझ्याकडे पाहत होती. मी काय शोधतो आहे हे तिला कळलं असावं, कारण तिनं हात पदराला पुसला आणि जराशी हसून पुढचा पेपर घेतला.

गोळी लागू पडली. जानेवारीच्या शेवटी, थंडी अजून कडक असताना, मी तलावाच्या रस्त्यावर परत गेलो. निघायच्या आधी तिनंच मला गुंडाळलं. आत एक बनियन, वर पूर्ण बाहीचं, वर स्वेटर, हातमोजे, कानटोपी, आणि नाकावरून मफलर. आरशात मी ओळखू येत नव्हतो. पण मला त्याचं काही नव्हतं. खिशात धुऱ्याचा शेवट होता आणि शेजारी ती.

ग्रुपनं टाळ्या वाजवल्या. वकीलसाहेब आले म्हणून सर पुढे होऊन हातमोज्यासकट माझा हात हलवत राहिले. मग सगळे पळायला लागले आणि आम्ही दोघं चालायला. ती पुन्हा माझ्या शेजारी, अर्धं पाऊल मागे. तेच वारं, पण मला ते कुठून शिरणार? मी सावकाश सुरुवात केली. थोडं कोर्टाचं, थोडं इकडचं तिकडचं. धुऱ्याकडे वळणावर वळायचं असं मी ठरवलं होतं. ती हो हो म्हणत होती. पण तिचे पाय माझ्या लक्षात आले. एक पाऊल टाकलं की ती ते थोडं रोखायची, मग दुसरं टाकायची. मला एकदम शंका आली, की आधीही, त्या सगळ्या हिवाळ्यांत, ती अर्धं पाऊल मागे राहायची ती अशीच पाय रोखून तर नव्हे?

पुढे ग्रुपची पाठ लहान होत चालली होती. ती तिकडे पाहत नव्हती. न पाहण्याचा प्रयत्न करत होती.

मी मफलर खाली ओढून म्हणालो, तू जा पुढे.

मला वाटलं ती मागच्या वेळेसारखं दोनदा विचारेल. मला वाटलं ती म्हणेल, राहू द्या, आज तुमच्याबरोबर चालते. मी पुढचं वाक्यही तयार ठेवलं होतं.

"जाऊ?" ती म्हणाली, आणि गेली.

वळून पाहिलं नाही. ती पळते कशी हे मी तोपर्यंत नीट पाहिलंच नव्हतं, सुरुवातीच्या दिवसांत मला माझाच दम पुरत नव्हता. सर म्हणाले होते ते खरं होतं. तिचे पाय पळायचेच होते. उघडे हात हलत होते, वेणी पाठीवर उजवी-डावीकडे जात होती, आणि बघता बघता ती त्यांच्यात मिसळली. मी एकटाच चालत राहिलो, ओठांवर अर्धं वाक्य घेऊन.

थोड्या वेळानं सर उलटे वळून माझ्याकडे आले. गुडघा बोलून राहिला आज, म्हणाले, आणि माझ्या शेजारी चालायला लागले. बनियनवर, उघड्या दंडांनी. त्या माणसाशी बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मग त्यांनीच विषय काढला.

"साहेब, त्या धुऱ्याचं काय झालं?"

मी थांबलो. कोणता धुरा, म्हणालो.

ते हसले. चिंचेच्या झाडाचा, ते म्हणाले. वहिनी सांगत असतात ना पळताना. मोजणीवाल्याची फजिती, वांदरांचं ते, सगळं त्यांनी सांगितलं. सगळा ग्रुप तारखेची वाट पाहतो. औषधवाल्यानं तर थोरल्यावर पैज लावली आहे. पण गेल्या महिनाभरात काही कळलंच नाही. मग सर जरा आवाज उतरवून बोलले.

"वहिनीले आमी रोज विचारतो. त्या म्हनतात, साहेब आजकाल मले काही सांगतच नाहीत."

वारं मफलरमधून कुठूनतरी आत आलं. समोर तलावाच्या कठड्यापाशी ग्रुप पोचला होता. ती वाकून पाय ताणत होती आणि वाकल्या वाकल्याच मान वळवून आमच्याकडे, मागे, रस्त्यावर पाहत होती. सर उत्तराची वाट पाहत माझ्या बाजूनं चालत होते. शेवट माझ्या जिभेवर होता. मोटरसायकल, मागे बसलेला थोरला, खांद्यावरचा हात. दोन वाक्यांत सांगून झालं असतं, आणि सर माझ्या आधी कठड्यापाशी पोचून सगळ्यांना सांगूही शकले असते.

मी मफलर नाकावर ओढला आणि पाय उचलले.

"पुढची तारीख पडली आहे," मी म्हणालो.